ड्रायव्हरांचं बाकडं

“शिवशरण नावाचं कुणीच आलेलं नाही मॅडम. मी स्वतः दोन-तीनदा माइकवर नाव पुकारलं.”

गाड्यांच्या शोरूममधल्या काउंटरवरच्या मुलीने हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की भांडायचीही सोय ठेवली नाही. मी एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीवर बसते. लोकांची बोलणी खाणं हा माझा पगारी उद्योग आहे. त्यामुळे समोरच्या माणसाला गोड बोलून कसं कटवायचं, हे मला कुणी शिकवायला नको.

“अहो, माझे वडील सकाळीच घरातून निघालेत. पहिल्या नंबरची डिलिव्हरी दिली होती तुम्ही. आता जेवणवेळ टळली. आख्खा माणूस गेला कुठं?”

“लाउंजमध्ये बघून घ्या ना एकदा.”

बघितलं. लाउंज म्हणजे काय, लग्नाचा हॉलच. खंडेनवमीचा दिवस. काठापदराच्या साड्या, गजरे, सोफ्यावर लोळणारी पोरं, कॉफीच्या मशीनपुढे रांग. मधोमध एका गाडीला हे मोठ्ठं लाल रिबन बांधलेलं. एक कुटुंब पुठ्ठ्याची दोन हात लांब किल्ली धरून फोटोला उभं होतं. शोरूमची पोरं त्यांच्या डोक्यावर चमक्या उडवून टाळ्या वाजवत होती. त्या सगळ्या गर्दीत आमचे आबा नव्हते.

फोन लावला तर नुसती रिंग जात होती. त्यात नवल नव्हतं. आबांचा फोन कायम मुका. जन्मभर सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. साहेब मागे बसलेले असताना ड्रायव्हरचा फोन वाजलेला चालत नाही, म्हणून पहिला मोबाइल घेतला त्या दिवशी त्याचा आवाज बंद केला. निवृत्त झाल्यावरही तो काही चालू केला नाही.

शेवटी मी मागच्या काचेच्या दारातून बाहेर आले. तिथे गाड्या धुवायची जागा होती आणि तिच्यापलीकडे पत्र्याची शेड. शेडखाली एक लांब लोखंडी बाकडं. मोठ्या लोकांच्या गाड्या सर्व्हिसिंगला घेऊन आलेले ड्रायव्हर तिथे तंबाखू मळत, मोबाइल बघत बसले होते. बाकड्याच्या टोकाला पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून आबा बसले होते.

मला बघून ते लगेच उठले. “आलीस व्हय? झाली का गाडी तयार?”

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“आबा, तुम्ही इथं काय करताय?”

“बसलोय की. बोलवतील म्हनले.”

“कोण म्हणालं?”

“गेटवरला वॉचमन. म्हनला, ड्रायव्हर लोकांनी मागं बसायचं. आलो मागं.”

आता इथे थांबून जरा सांगते, नाहीतर माझा बाप खुळा होता असं वाटेल. तो खुळा नव्हता. आबांना वाट बघता येत होती, एवढंच. गाडी चालवणं दिवसाचे दोन-चार तास. बाकी सगळा दिवस वाट बघणं. साहेबांची मीटिंग, साहेबांच्या मेव्हण्याचं लग्न, मॅडमची खरेदी. कुठे झाडाखाली, कुठे जिन्याखाली, कुठे मांडवाच्या मागे आचाऱ्यांजवळ. ‘आत या’ असं कुणी म्हणायचं नाही आणि त्यांनाही तशी अपेक्षा नसायची. पत्र्याखालचं बाकडं दिसलं की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळायचे.

आणि पांढरे कपडे? ते नोकरीचे नव्हते. ते नागपूरला जायचे होते.

आम्हाला दीक्षाभूमीवर जायचं होतं. आईची ती जुनी इच्छा. सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या आमच्या गल्लीतून दरवर्षी गाडी निघायची. बाया पांढरी लुगडी नेसून जायच्या, आणि आई त्यांना चटणी-भाकरी बांधून द्यायची नि दारात उभं राहून हात हलवायची. आबांना दसऱ्याला कधी सुट्टी मिळाली नाही. साहेबांना सोनं वाटत हिंडायचं असायचं. “येकटी जा की,” आबा म्हणायचे. “तुमच्यासंगं जायचं,” आई म्हणायची. “पुढल्या वर्षी जाऊ.” असं म्हणता म्हणता त्यांची निवृत्ती आली. मग आईचं पाठीचं दुखणं आलं, आणि मग बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं की ते दुखणं पाठीचं नाही, आणि ते हाडात पसरलंय.

“कुठं न्यायचं असेल तर आता न्या,” डॉक्टर म्हणाले. “आडवं होता येईल अशी गाडी असू द्या. रेल्वेची दगदग सोसायची नाही.”

त्या संध्याकाळी आबांनी गाडी बुक केली. भाड्याची करू, असं मी म्हणाले होते. तर म्हणाले, “आयुष्यभर लोकांच्या बायका मागं बसवून हिंडलो. हिला भाड्याच्या गाडीत न्यू व्हय?”

गाडी बुक करून घेणारा पोरगा सोमलिंग, दुधनीकडचा, कानडी वळणाचं बोलणारा. वाईट नव्हता. पण पहिल्याच दिवशी म्हणाला, “काका, तुमच्यात दसऱ्याचं मुहूर्त बघत नाहीत ना? मग दसऱ्यानंतर घ्या की निवांत. आता लई गर्दी हाय.”

आबांनी शांतपणे त्याला सांगितलं, “बाळा, आमचा सगळ्यात मोठा सण दसऱ्यालाच असतोय. बाबासाहेबांनी त्याच दिवशी दीक्षा दिली. मंडळीला नागपूरला न्यायचं हाय. आधी गाडी दे.”

पोरगा वरमला. “देतो की काका. मी शब्द देतो तुम्हाला.”

मग घटस्थापनेची तारीख दिली. ती गेली. मग पंचमी. गाडी आली होती, पण पासिंग झालं नव्हतं. मग पासिंग झालं, पण सीटकव्हर आली नव्हती. सीटकव्हर नकोत म्हणालो, तर ती ‘पॅकेजमधी’ होती. प्रत्येक वेळी आबा म्हणायचे, “बरं, बरं, सावकाश करा.” शेवटी खंडेनवमीची सकाळ ठरली. सकाळी गाडी घ्यायची, घरी यायचं, आईला मागे झोपवायचं, आणि रात्रीपर्यंत नागपूर गाठायचं. माझ्या मावसबहिणीच्या घरी मुक्काम, आणि दसऱ्याला पहाटे दीक्षाभूमी. याच्या पुढे ढकलायला काही जागाच उरली नव्हती.

आठवडाभर आई बसायचा सराव करत होती. खरंच. कॉटवर भिंतीला उशी लावायची, दात-ओठ खाऊन बसायची आणि मला म्हणायची, “बघ, आज कालच्यापेक्षा जास्ती बसले का न्हाई.” कपाळावर घाम यायचा. मी आडवी करायला गेले की हात झटकायची. “न्हाई गं मने, तुळजापूर आलं असंल आता. आजून लई लांब हाय.”

तर अशी ती सकाळची पांढरं लुगडं नेसून तयार होती. शेजारच्या मायाक्काला तिच्याजवळ बसवून मी आबांना शोधायला आले होते, आणि आबा बाकड्यावर होते.

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना दरादरा ओढत मॅनेजरच्या काचेच्या खोलीत नेलं. ते दारात चपला काढायला लागले. “राहू द्या,” मी खेकसले. माझा राग कुणावर होता आणि निघत कुणावर होता, हे मलाच कळत नव्हतं.

मॅनेजर टाय लावलेला, तिशीतला. “मॅडम, यांचा सकाळचा स्लॉट होता. आम्ही नाव अनाउन्स केलं. रिस्पॉन्स आला नाही. सोमलिंगनं कॉलपण केला.”

सोमलिंग मागे उभा होता. “मी फोन केलो की, लई येळा केलो. काका उचललेच नाहीत. मला वाटलं, घरात काय झालं का काय. काकूंची तब्येत…”

“मागच्या शेडमध्ये कुणी जाऊन बघितलं?”

“मॅडम, कस्टमर शेडमध्ये कशाला बसेल?” मॅनेजर म्हणाला. तो खरंच बुचकळ्यात पडला होता. आबांच्या कपड्यांवरून त्याची नजर खालीवर फिरली आणि मग त्याला कळलं. चटकन त्याने कॉम्प्युटरमध्ये तोंड घातलं.

“जे झालं ते झालं,” मी म्हणाले. “गाडी द्या, आम्हाला निघायचंय. आई घरी उठून बसलीये.”

“गाडी स्लॉट संपल्यावर यार्डात परत गेली. इथं जागा नाही ना. बसा तुम्ही, मी मागवतो.”

आता आबांना कुणीतरी सोफ्यावर बसवलं. ते सोफ्याच्या अगदी काठावर बसले. कॉफी आली, ती त्यांनी घेतली नाही. आजूबाजूला नारळ फुटत होते, चमक्या उडत होत्या. एकदा कुणीतरी टाळ्या वाजवल्या तर आबांनीही दोन टाळ्या वाजवल्या. मला तिथेच रडू फुटलं असतं.

मॅनेजर परत आला तो जरा हळूहळूच चालत आला.

“मॅडम, थोडा इश्यू आहे. यार्डातल्या लोकांनी खंडेपूजा केली. सगळ्या गाड्या ओळीत लावून हार घातलेत. एकदा पूजेला बसवलेली गाडी उद्या सीमोल्लंघनापर्यंत हलवत नाहीत. आमच्या मालकांची तशी स्ट्रिक्ट सूचना आहे. किल्ल्यापण पूजेत ठेवल्यात. उद्या सुट्टी. परवा पहिली डिलिव्हरी तुमची.”

“आमची गाडी तुम्ही पूजेला बसवली? आमच्या नावावर पासिंग झालेली?”

“चांगलंच आहे ना मॅडम, फुकटात पूजा झाली.”

मग मी बोलायला लागले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. एसटीच्या खिडकीवर ऐकलेलं सगळं त्या दिवशी माझ्या कामी आलं, एवढं नक्की. माझी आई मरणार आहे, हेसुद्धा मी त्या चमक्यांमध्ये उभं राहून मोठ्याने बोलले. लाउंजमधलं बोलणं बंद झालं. एक बाई आपल्या पोराला जवळ ओढून बघत राहिली. मॅनेजर म्हणाला, मालकांचा फोन लागत नाहीये. मग म्हणाला, फ्लोअर मॅट फ्री देतो.

आबा उठले. “साहेब, मॅट नको. तुमची चूक न्हाई. मीच आत यायला पायजे हुतं.” आणि मला म्हणाले, “चल मने. ती वाट बघत असंल.”

ते त्या माणसाला साहेब म्हणाले. आपल्या पोराच्या वयाच्या माणसाला, स्वतःची गाडी घ्यायला गेलेले असताना.

रिक्षात मी भाड्याच्या गाड्यांना फोन लावत होते. नवरात्रात सोलापुरात गाडी मिळवणं म्हणजे देव भेटण्यातला प्रकार. सगळ्या गाड्या तुळजापूरच्या फेऱ्यांवर. एक जण म्हणाला परवा, एकाने हसून फोनच ठेवला. आबा बाहेर बघत होते.

“तुम्ही त्या वॉचमनला सांगायचं ना, मी कस्टमर आहे म्हणून,” मी म्हणाले. आवाज चढवायचा नव्हता, पण चढला.

“त्यानं इचारलं, ड्रायव्हर का? म्हनलं, व्हय.”

“व्हय कशाला म्हणालात?”

आबांना प्रश्न समजला नाही. “हाय की मी ड्रायव्हर,” ते म्हणाले. मग बुधवार पेठ जवळ आल्यावर म्हणाले, “आवाज ऐकला हुता गं मी. माइकवर शिवशरण म्हनले. पर ते ‘श्री धोंडिराम शिवशरण साहेब’ म्हनले. मला वाटलं, दुसरं कोन तरी आसंल.”

आणि माझे आबा रिक्षात रडले. रुमाल काढला नाही, तोंड लपवलं नाही. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे फिरवला. माझा राग त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे.

घरी आई कॉटवर बसलेली होती. भिंतीला टेकून, पाय खाली सोडून. मायाक्काने तिच्या केसांना तेल लावून अंबाडा घातला होता. पायाशी औषधांची पिशवी, कडक भाकरीचा डबा, पाण्याची बाटली. सकाळी आबा निघाले तेव्हापासून ती आडवी झालेली नव्हती.

“गाडी कुटं लावली?” तिने विचारलं. “गल्लीत आत येत न्हाई व्हय?”

आबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी काही लपवलं नाही. वॉचमन, बाकडं, पूजा, सगळं सांगितलं. माझी मात्र तिच्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून मी डबा उचलून ओट्यावर ठेवला.

“माझ्यामुळं झालं, नागू,” आबा म्हणाले.

आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “बरं झालं बघा. माझ्यानं कुटं बसवतंय येवडं लांब? सकाळपास्नं बसून कंबर मोडली. मी मनीला म्हननारच हुते, नगं जायला.”

खोटं. धडधडीत खोटं. ती हसून बोलत होती आणि तिची बोटं कॉटच्या पट्टीला आवळलेली होती.

“पुढल्या वर्षी जाऊ,” ती म्हणाली. पुढचं वर्ष म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मायाक्का तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

मग मी तिला आडवी केली. यावेळी तिने हात झटकला नाही. लुगडं बदलू का, असं विचारलं तर म्हणाली, “राहू दे. उद्या बी हेच नेसायचंय.” दुसऱ्या दिवशी आम्ही घरातच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, टीव्हीवर नागपूर लावलं. ती गर्दी बघता बघता तिचा डोळा लागला. आबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि नुसती हलणारी माणसं बघत बसले.

गाडी आली. परवा म्हणाले होते, ती त्याच्याही नंतर आली. सोमलिंगने स्वतः आणून दिली. बंपरला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. गल्ली अरुंद, म्हणून आबांनी ती विहाराजवळ कोपऱ्यावर लावली. सोमलिंगने खाली बघत सांगितलं, “काका, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा सांगा. एक जरी कमी पडलं तर माझं महिन्याचं कमिशन जातंय. मी काय तोंडानं सांगू तुम्हाला, पण सांगतो.” मी तोंड उघडलं, पण आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला चहाला आत नेलं.

“उचलून न्हिऊ का गं? कोपऱ्यापातूर,” आबांनी आईला विचारलं. “नुसती बघ.”

“उद्या,” आई म्हणाली. खंडेनवमीपासून तिला कूसही बदलवत नव्हती. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाली. मग ते म्हणायलाही तिला त्राण राहिलं नाही. एका सकाळी आबा तिच्यासाठी दूध गरम करत असताना ती गेली.

आमच्यात तेराव्याऐवजी पुण्यानुमोदन असतं, तो दिवस. गल्लीत पांढरा मांडव, समोर टेबलावर आईचा फोटो. भंतेजी यायचे होते. माणसं खुर्च्यांवर गोळा होत होती. आबा आणि मी दारात उभे होतो, तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या खिशात फोनचा पडदा उजळला. मुका फोन त्यांनी नेमका त्या दिवशी उचलला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावला.

“नमस्कार सर, आपण नवीन गाडी घेतलीत, अभिनंदन. आमच्या सेवेबद्दल दोन मिनिटं बोलू शकाल का?”

मी हात पुढे केला. आबांनी मान हलवून नाही म्हटलं. साहेब लोकांशी फोनवर बोलताना उभे राहायचे, तसे ते ताठ उभे राहिले.

“बोला बाई.”

“गाडी वेळेवर मिळाली का सर?”

“मिळाली.”

“शोरूममध्ये थांबावं लागलं का?”

“न्हाई.”

“बसण्याची व्यवस्था कशी होती?”

“चांगली हुती.”

“आमच्या प्रतिनिधीला दहापैकी किती गुण द्याल?”

“दहा. चांगलं पोरगं हाय.”

“खूप धन्यवाद सर. शेवटचा प्रश्न. घरच्यांना गाडी आवडली का? मॅडमना?”

मांडवात कुणीतरी अगरबत्ती लावत होतं. आबांनी फोटोकडे बघितलं.

“मंडळीनं आजून बघितली न्हाई,” ते म्हणाले.

“अरे, मग दाखवा ना सर लवकर. एखादी छान लाँग ड्राइव्ह करा.”

“व्हय बाई. दाखवतो.”

फोन बंद झाला. आबांनी तो खिशात ठेवला, शर्ट नीट केला आणि मांडवात जाऊन आईच्या फोटोशेजारी उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला ते हात जोडत होते आणि खुर्ची दाखवून म्हणत होते, “या, आत या. पुढं बसा.”